मीटरवरची मावशी

तिचं खरं नाव आता दोनच ठिकाणी उरलं होतं: एक ऑफिसच्या हजेरीपटावर आणि दुसरं नवऱ्याच्या तोंडी, तेही तो रागावला तरच. आणि तो वर्षातून एकदा रागवायचा. बाकी साऱ्या गावाला ती मीटरमावशी.

सव्वीस वर्षं ती पाणीपुरवठा विभागात मीटर वाचत होती. घरासमोर फुटपाथच्या कडेला वीत-दीड वीत खोल चौकोनी खड्डा असतो. त्याचं लोखंडी झाकण आकड्याने उचलायचं, गुडघे टेकून आत वाकायचं, मीटरच्या काचेवरचा चिखल ब्रशने पुसायचा, टॉर्च मारायचा आणि आकडे वहीत उतरवायचे. दिवसाला नव्वद खड्डे. एवढ्या वाकण्याने एखादीची कंबर गेली असती, हिची ताठ झाली. उभी राहिली की रूळ उभा केल्यासारखी दिसायची.

बाकीचे मीटर रीडर चहाच्या दुकानात बसूनच गल्लीच्या गल्ली वाचून काढत. गेल्या महिन्याचा आकडा बघायचा, त्यात आपल्या मनाने थोडं घालायचं आणि पुढे लिहायचं 'अंदाजे'. मीटरमावशीने हा शब्द आयुष्यात लिहिला नव्हता. एकदा एका बंगल्यातला कुत्रा तिला खड्ड्याजवळ येऊ देईना. तिने तीन दिवस त्याच्याशी बोलून बोलून मैत्री केली, चौथ्या दिवशी आकडा घेतला. कुत्रा नंतर दोन चौक तिच्या मागे आला.

नवरा घड्याळजी. खाली दुकान, वर दोन खोल्या. उजव्या डोळ्यात काळं भिंग खोचून दिवसभर बसायचा, जेवायलाही कधी कधी तसाच यायचा आणि मग भातातला खडा त्याला धोंड्याएवढा दिसायचा. माणूस शांत, हात स्थिर, केसाएवढी स्प्रिंग श्वास रोखून बसवायचा. पण भिंतीवर पाल दिसली की हाच माणूस स्टुलावर. पाल गेली तरी अर्धा तास खाली उतरायचा नाही. मीटरमावशी पालीला झाडूने वाट दाखवायची आणि नवऱ्याला चहा वर द्यायची, म्हणजे स्टुलावर.

तर एका सोमवारी सकाळी दहाच्या सुमारास तिने लाँड्रीसमोरचं झाकण उचललं. बघते तर मीटरच्या काचेवर सापसुरळी पसरलेली. वीतभर लांब, अंगावर पितळी चकाकी, जणू कुणी आत्ताच पॉलिश करून ठेवली. पाय आखूड, शेपटी तांबूस, पोट मात्र चांगलंच टम्म. आकडे नेमके त्या पोटाखाली. डावीकडचं शून्य दिसत होतं, उजवीकडचा सात दिसत होता, मधलं सगळं सुरळीच्या ताब्यात.

"सरक गं बाई जरा," मीटरमावशी म्हणाली.

सुरळीने एक डोळा मिटला, उघडला. सरकली नाही.

ब्रशच्या टोकाने हळूच ढकललं, तर बोटभर पुढे गेली आणि वळून पुन्हा येऊन बसली. ऊन लागून झाकण तापलं होतं, काच उबदार झाली होती, जागा सोडायला ती काही खुळी नव्हती. मीटरमावशीने पोटाकडे पुन्हा पाहिलं. पोटुशी दिसत होती. पोटुश्या बाईला बसल्या जागेवरून उठवायचं म्हणजे काय? तिने दहा मिनिटं वाट पाहिली. मग झाकण अलगद ठेवलं आणि वही काढली.

वहीत आकड्यापुढे शेऱ्याचा एक रकाना असायचा, बोटाच्या पेराएवढा. 'घर बंद', 'कुत्रा', 'झाकण जाम' एवढंच त्यात मावायचं. 'मीटरवर सापाची मावशी बसल्याने आकडा घेता आला नाही' हे कुठून मावणार? सापसुरळीला सगळे सापाची मावशीच म्हणतात, तेव्हा तिने आपलं अक्षर बारीक करून लिहिलं: 'मीटरवर मावशी.'

इथवर कोणाचं काही बिघडलं नव्हतं.

विभागाचे साहेब वह्या तपासायचे ते गुरुवारी. साहेब तसे वाईट नव्हते, पण त्यांना कागद दिसला की उत्तर द्यायची घाई. त्यांनी शेरा वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला आणि टायपिस्टला बोलावलं. शुक्रवारी लाँड्रीवर नोटीस पोहोचली:

'सदर ठिकाणी मीटरवर मावशी बसलेल्या आढळून आल्याने मीटरवाचनात अडथळा निर्माण झाला आहे. तरी सदर मावशींना आठ दिवसांच्या आत मीटरवरून उठविण्यात यावे, अन्यथा त्यांना विभागामार्फत उठविण्यात येईल.'

आता योग असा की लाँड्रीवाल्याला खरोखरच एक मावशी होती. वय ऐंशी, आवाज चाळिशीतला. दुकानाच्या दारात खुर्ची टाकून ती दिवसभर बसायची आणि कोणत्या शर्टाची कॉलर नीट बसली नाही ते लांबूनच सांगायची. आणि खुर्ची होती त्या खड्ड्यापासून जेमतेम दोन हातांवर. नोटीस भाच्याने वाचून दाखवली. मावशीने ती दोनदा वाचायला लावली, काठी घेतली आणि म्हणाली, "चल."

ऑफिसात त्या वेळी सगळे हजर होते, म्हणून प्रसंग सगळ्यांना तोंडपाठ आहे.

"कोण तो मला उठवणारा? पुढे ये!"

साहेब केबिनमधून बाहेर आले. "शांत व्हा, आजी..."

"आजी कोणाला म्हणतोस? नोटिशीत मावशी लिहिलंय ना? मग मावशी म्हण!"

"बरं, मावशी. तुम्ही मीटरवर बसता का?"

"अरे, अकरा वर्षं झाली मला जमिनीवर बसता येत नाही. हे गुडघे बघ! तो खड्डा बघितलायस का? मांजर बसलं तरी शेपूट बाहेर राहील. मी बसेन त्यात?"

साहेबांनी दोन्ही हातांनी हवेत खड्ड्याचं माप घेतलं, मग मावशीकडे पाहिलं. तेवढ्यात मीटरमावशी झाकणाचा आकडा खांद्याला लावून फेरीवरून आली. काय झालंय ते तिच्या लगेच लक्षात आलं आणि ती घाईघाईने पुढे झाली. "साहेब, त्या मावशी या नव्हेत. मी सापाच्या मावशीबद्दल लिहिलं होतं."

लाँड्रीमावशी तिच्याकडे वळली. "साप कोणाला म्हणालीस गं? माझ्या भाच्याला?"

भाचा बिचारा मागे दोन पावलं सरला. त्याचा चेहरा जरा लांबट होता, ही गोष्ट खरी, पण आजवर कोणी तोंडावर काही बोललं नव्हतं.

सगळा उलगडा व्हायला पाऊण तास आणि दोन चहा लागले. लाँड्रीमावशी निवळली, जाताना मात्र साहेबांच्या शर्टाची कॉलर उलटी इस्त्री झाली आहे असं सर्वांदेखत सांगून गेली. साहेबांना आता कोणावर तरी रागवायचं होतं.

"मावशी, म्हणजे मीटरमावशी, ती सुरळी विषारी आहे का?"

"नसते साहेब. गरीब असते."

"असं म्हणून चालत नाही. उद्या एखाद्या रीडरला चावली तर? कोणती जात, काय नाव, राहते कुठे, सगळं लेखी आणा. तज्ज्ञाच्या सहीने. तोवर त्या मीटरचा आकडा..."

"...अंदाजे टाक ना," शेजारच्या टेबलावरचा रीडर म्हणाला.

मीटरमावशीने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने चहा संपलेला असूनही कप तोंडाला लावला.

तज्ज्ञ सापडला म्युझियममध्ये. तळमजल्यावर, बाटल्यांच्या गराड्यात बसणारा चाळिशीचा एक गृहस्थ. बाटल्यांत साप, सरडे, पाली, बेडूक, सगळे वर्षानुवर्षं एकाच मापाचं आश्चर्य तोंडावर घेऊन बसलेले. दारावर नुसतं 'डॉक्टर' लिहिलं होतं, त्यामुळे म्युझियम बघायला आलेली माणसं दोनदोनदा डोकावून गुडघे दाखवायची. शेवटी कंटाळून डॉक्टरांनी टेबलावर खोकल्याच्या गोळ्यांची बरणी ठेवली होती. निम्मे लोक तेवढ्यावर बरे होत.

मीटरमावशी खुर्चीवर बसताच त्यांनी बरणी पुढे केली.

"नको, मी सुरळीसाठी आलेय," ती म्हणाली.

डॉक्टरांच्या चेहऱ्यावर दिवा लागला. तिने मोबाइलवर काढलेला फोटो दाखवला. त्यांनी तो उभा धरला, आडवा धरला. "हा बटाटा आहे का?"

"खड्ड्यात अंधार होता."

"फोटोवर नाहीच ठरत. ऐका. आपल्या भागात अशा दोन जाती आहेत, दिसायला अगदी जुळ्या बहिणी. एक डोंगरउतारावर, कोरड्या दगडांच्या कपारीत राहते. दुसरी ओढ्याच्या काठाला, ओल्या पाचोळ्याखाली." त्यांनी दोघींची लांबलचक शास्त्रीय नावं सांगितली. मीटरमावशीने ती ऐकून घेतली आणि मनात एकीला डोंगरमावशी, दुसरीला ओढामावशी म्हणून टाकलं.

"मग ओळखायच्या कशा?"

"पोटापाशी अंगाभोवती खवल्यांच्या रांगा मोजायच्या. पहिलीला अठ्ठावीस, दुसरीला बत्तीस. आणि डोळ्याची खालची पापणी बघायची. दुसरीच्या पापणीला मधोमध पारदर्शक खिडकी असते. डोळा मिटला तरी आतून दिसतं तिला."

"आणि रंग?"

"रंगावर जाऊ नका. रंग म्हणजे निव्वळ अंदाज."

हा शब्द ऐकल्याबरोबर मीटरमावशीला हा माणूस आपलासा वाटला. तिने बरणीतली एक गोळी घेतलीही.

मोजायला सुरळी समोर हवी, आणि सूक्ष्मदर्शकाचा दिवा गेलेला. नवीन दिव्याचा अर्ज तीन महिने वरच्या मजल्यावर कुठल्याशा कागदाखाली झोपला होता. "एखादं चांगलं भिंग असतं तर," डॉक्टर म्हणाले.

"भिंग आहे," मीटरमावशी म्हणाली. "भिंगाच्या मागचा डोळा जरा भित्रा आहे."

रविवारी सकाळी ती नवऱ्याला घेऊन लाँड्रीसमोर गेली. रुंद तोंडाची प्लास्टिकची बरणी, झाकणाला भोकं, तळाशी ओली माती. सुरळीला शेपटीने धरायचं नाही, शेपटी तुटून येते, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तिने झाकण उचललं, बरणी आडवी धरली, मागून ब्रश लावला. सुरळी शांतपणे चालत आत गेली, जणू नव्या खोल्या बघायला आली होती. आकडे मोकळे झाले, पण तज्ज्ञाची सही येईपर्यंत साहेबांनी वहीतला तो रकाना बंद ठेवला होता. घड्याळजी मात्र तोपर्यंत मागे मागे सरत लाँड्रीत शिरले होते आणि धुवायच्या चादरींच्या टोपलीत बसले होते.

"या टोपलीतले कपडे उद्याचे आहेत," लाँड्रीमावशी त्यांना म्हणाली. "घाईचे असाल तर त्या दुसऱ्या टोपलीत बसा."

दुपारी घड्याळाच्या दुकानात, प्रखर दिव्याखाली, मोजणी सुरू झाली. डॉक्टरांनी मऊ ओल्या फडक्यात सुरळी अलगद धरली.

"मी हात नाही लावणार," घड्याळजी म्हणाले.

"हात नको. डोळा लावा."

दात कोरायची काडी हातात घेऊन, भिंग खोचून, घड्याळजी वाकले. आधी काडी नुसती पुढे जायची आणि मागे यायची. मग खवले दिसले: एकावर एक बसवलेले, कडा अगदी जुळलेल्या, कुठे फट नाही, कुठे खरड नाही. घड्याळजी अख्खा जन्म दुसऱ्यांची कारागिरी तपासत आले होते. त्यांच्या तोंडून निघालं, "काय काम आहे!" आणि काडी जागेवर टेकली.

"एक, दोन, तीन..."

पहिल्या वेळी एकतीस आले. सुरळीने मध्येच श्वास घेतला होता. दुसऱ्या वेळी मोजणी निम्म्याच्या पुढे गेली असताना एक गिऱ्हाईक दारात आलं.

"झालं का माझं घड्याळ?"

"सत्तावीस," घड्याळजी मान वर न करता म्हणाले.

"सत्तावीस तारखेला? बरं," म्हणून तो निघून गेला.

तिसऱ्या वेळी बत्तीस. चौथ्या वेळी बत्तीस. डॉक्टर लिहायला लागले तर मीटरमावशीने पेन अडवलं. "दोनदा आलं म्हणजे योगायोगही असेल. अजून एकदा." पाचव्या वेळीही बत्तीस आले, तेव्हा तिने पेन सोडलं.

राहिली पापणी. त्यासाठी सुरळीने डोळा मिटायला हवा होता, आणि ती मिटेना. पाच मिनिटं झाली, दहा झाली. घड्याळजी भिंगातून तिच्याकडे टक लावून, ती त्यांच्याकडे. घड्याळजींच्या डोळ्याला पाणी आलं, त्यांनी पापणी मिटली, सुरळी जिंकली. पुन्हा पहिल्यापासून. डॉक्टरांनी फुंकर मारून पाहिली, मीटरमावशीने जांभई देऊन पाहिली, कारण जांभई लागते म्हणतात. ती डॉक्टरांना लागली.

तेवढ्यात तीन वाजले. दुकानात भिंतीवर दुरुस्त झालेली एकोणीस घड्याळं होती आणि आपण बरे झालो हे दाखवायची प्रत्येकाला हौस होती. सगळ्यांनी एकदम ठोके दिले. सुरळीने दचकून डोळे गच्च मिटले.

"खिडकी!" घड्याळजी ओरडले. "खिडकी आहे! डोळा मिटलाय आणि आतून माझ्याकडे बघतेय!" मग जरा आवाज खाली आणून डॉक्टरांना म्हणाले, "आमची हीसुद्धा दुपारी अशीच झोपते."

ओढामावशी ठरली. डॉक्टरांनी कार्ड काढलं, जात लिहिली, ठिकाण लिहिलं, आणि 'नैसर्गिक अधिवास' या ओळीवर येऊन थांबले. त्यांचा चेहरा उतरला.

"अडचण आहे. ही राहते ओढ्याकाठी. लाँड्रीच्या रस्त्यावर ओढा कुठाय? जवळचा ओढा गाडीने दोन तास. एवढंसं जनावर इतक्या लांब येईल कसं? कुणी सोडलं असेल तर तसं लिहावं लागेल."

"एकच नाही ती," मीटरमावशी म्हणाली. "मी नऊ खड्ड्यांत पाहिल्यात."

"कोणत्या?"

तिने डोळे मिटले. खड्डे तिला डोळे मिटूनच नीट दिसायचे. "शाळेचा कोपरा. मग छापखाना. लाँड्री. केशकर्तनालय, तिथे दोन. मग बसडेपोच्या भिंतीने खाली चार. आणि हेच नऊ खड्डे बारा महिने ओले असतात." तिने नवऱ्याच्या खडूने फरशीवर नऊ ठिपके काढले. डॉक्टरांनी ते जोडले. रेघ वाकडीतिकडी, वळणं घेत घेत खाली उतरत गेली. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

सोमवारी तिने हे साहेबांना सांगितलं तेव्हा साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. "ओले? नऊच्या नऊ? मावशी, तुम्हाला म्हणायचंय काय, गळती आहे?" दोनच महिन्यांपूर्वी साहेबांनी वर कळवलं होतं की त्या भागात गळती शून्य. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि ही बाई आकड्याने झाकण उचलायला निघाली होती.

"मला काहीच म्हणायचं नाही साहेब. कुठेतरी पाणी मुरतंय एवढं खरं. कुठलं ते खणल्याशिवाय कळणार नाही."

"कुठे खणायचं नाही!"

ही कोंडी फोडली ती लाँड्रीमावशीने. पोटुश्या जिवाला फार वेळ बाहेर ठेवू नका असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, म्हणून त्याच दुपारी मीटरमावशी आणि डॉक्टर बरणी घेऊन सुरळीला परत सोडायला गेले. खुर्चीवरून लाँड्रीमावशीने मान पुढे काढली.

"बघू तरी माझी नावाची बहीण. हात्तिच्या! ही होय? या तर आमच्या लहानपणी ओढ्याच्या काठाला ढिगाने असायच्या."

डॉक्टरांच्या हातून बरणी पडता पडता राहिली. "कुठल्या ओढ्याच्या?"

"कुठल्या म्हणजे? तू उभा आहेस त्या."

डॉक्टर पायाखाली बघायला लागले.

"माझ्या वडिलांनी लाँड्री इथे काय हवा खायला काढली? ओढा होता म्हणून काढली. मी चौथीत होते तेव्हा वरून फरशा टाकल्या, मग रस्ता केला. तेव्हा ना ओढ्याला कोणी विचारलं, ना या मावश्यांना." मग ती सुरळीकडे बघून म्हणाली, "तरी टिकलात गं. बरं केलंत." डॉक्टरांनी बरणी आडवी केली, तशी सुरळी चालत जाऊन पुन्हा मीटरच्या काचेवर बसली.

हे साहेबांच्या कानावर गेलं आणि साहेब बदलले. ओढा म्हणजे गळती नव्हे! नैसर्गिक पाणी! नैसर्गिक अधिवास! कालपर्यंत खणायचं नाही म्हणणारे साहेब मंगळवारी स्वतः कुदळवाल्यांना घेऊन हजर. सुरळीच्या खड्ड्याला धक्का लागू नये म्हणून दहा हात लांब खणायला लावलं. बघ्यांची गर्दी जमली. मीटरमावशी टॉर्च घेऊन कडेला उभी होती. ओढा निघाला तर आनंद, गळती निघाली तरी आनंद, जे असेल ते दिसू दे, एवढंच तिचं म्हणणं.

कमरेएवढं खणल्यावर विभागाचा पाइप लागला. वरून खालून कोरडा ठणठणीत. साहेबांनी त्याच्यावर हात फिरवला, पोराच्या पाठीवर फिरवावा तसा. आणखी हातभर खाली दगडी फरशी लागली. ती पहारीने उचकटली आणि बघे पुढे सरकले. आवाज आला. फरशीखालून, तळहाताएवढ्या रुंदीचं, काचेसारखं पाणी वाहत होतं. सत्तर वर्षं अंधारात, कोणाला न सांगता.

लाँड्रीमावशीला खुर्चीसकट उचलून काठाशी आणलं. तिने बराच वेळ पाहिलं. मग भाच्याला म्हणाली, "शेजारणीच्या परकराची घडी मोडलीस बघ सकाळी," आणि नाक पुसलं.

त्यानंतर साहेबांना आवरणं कठीण झालं. वरच्या साहेबांना पत्र गेलं. फरशी पुन्हा बसवली, पण एका कोपऱ्याला जाळी ठेवली. साहेब येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून "खालची पापणी बघा हं, खालची, तिला खिडकी असते" असं सांगू लागले. घरीसुद्धा जेवताना ते खवल्यांच्या रांगांवर बोलायचे, असं त्यांच्या बायकोने नंतर सांगितलं. डॉक्टरांचं कार्ड पुरं झालं. अधिवासाच्या ओळीत त्यांनी लिहिलं, 'झाकलेल्या ओढ्याचा काठ, आता पाण्याच्या मीटरचे खड्डे', आणि 'शोधणारी व्यक्ती' या ओळीत मीटरमावशीचं खरं, पूर्ण नाव. घड्याळजींनी ते कार्ड भिंगातून वाचलं, आणि रागावलेले नसताना ते नाव मोठ्याने उच्चारून पाहिलं. मीटरमावशी एकदम म्हणाली, "काय चुकलं माझं?"

तीन आठवड्यांनी सुरळी मीटरवरून उठली. काचेशेजारी आगपेटीच्या काड्यांएवढी पाच पिल्लं होती. आकडा मिळाला.

पुढच्या महिन्यात मीटरमावशीच्या फेरीत नवीन भाग आला, टेकडीवरचा. तिथेच साहेबांचा बंगला. डॉक्टरही सोबत होते, त्यांना आता खड्डे बघायची चटक लागली होती. साहेब त्या दिवशी रजेवर, गेटपाशी उभे. "या या! आमचं मीटर बघा, चकचकीत!"

तिने झाकण उचललं. मीटरच्या काचेवर सुरळी डोळा मिटून बसली होती, आणि मिटल्या पापणीत खिडकी: ओढामावशी. शेजारी दुसरी.

साहेब हरखले. "अरे वा! म्हणजे ओढा इथपर्यंत आहे!"

डॉक्टरांनी खोकल्याची गोळी तोंडात टाकली आणि लांब बघत राहिले. मीटरमावशीने दोन बोटं खड्ड्यातल्या चिखलात बुडवून नाकाशी धरली. नळाच्या औषधाचा वास स्पष्ट होता.

"साहेब," ती शक्य तितक्या मऊ आवाजात म्हणाली, "ओढा उताराला वाहतो. चढाला पाइपच वाहतो."

साहेबांनी एकदा टेकडीखाली पाहिलं, एकदा खड्ड्यात. "शून्य कळवलंय हो मी," ते पुटपुटले.

"नळवाला आहे माझ्या ओळखीचा, उद्या जोड घट्ट करून जाईल."

"आणि या दोघी?" हे विचारलं ते साहेबांच्या बायकोने. ती मागे येऊन उभी होती. "झुरळं नाहीशी झालीत यांच्यामुळे. जोड घट्ट करा, पण मी रोज इथे तांब्याभर पाणी ओतणार. चालेल ना डॉक्टर?"

"पाचोळाही टाका थोडा," डॉक्टर म्हणाले. साहेब बागेकडे निघाले, पाचोळा गोळा करायला. मीटरमावशीने सुरळ्यांना ब्रशने जरा बाजूला सारलं, पाचही आकडे उतरवून घेतले, झाकण ठेवलं आणि चढाला लागली. टेकडीवर अजून एकतीस खड्डे बाकी होते.